गाठींचं आडनाव एक, घराणी वेगळी

पत्राचा सारांश: नाशिकच्या गंगापूर रोड भागात राहणाऱ्या ६३ वर्षांच्या एका आजींचं हे पत्र आहे. १४ वर्षांपूर्वी त्यांचा उजवा डोळा हळूहळू पुढे येऊ लागला होता. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि डोळ्यामागून द्राक्षाएवढी गाठ निघाली. ती साधी निघाली, कॅन्सरची नव्हती. तपासणीच्या कागदावर नाव होतं ‘कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा’. नातेवाइकांना ‘मोतीबिंदू काढला’ एवढंच सांगितलं. खरी गोष्ट फक्त यजमानांना माहीत होती आणि ते आता हयात नाहीत. आता सून पहिल्या बाळंतपणासाठी पिंपळगाव बसवंतला माहेरी आहे. नात ३५व्या आठवड्यातच जन्मली, वजन १९०० ग्रॅम. दहाव्या दिवशी तिच्या डाव्या वरच्या पापणीवर नखाचा ओरखडा उमटावा तसा लाल डाग दिसला. आता ती नऊ आठवड्यांची आहे आणि डाग फुगून बोराएवढा झालाय, पापणी अर्धी मिटलेली असते. तिथल्या डॉक्टरांनी ‘हिमॅन्जिओमा आहे, पाच-सहा वर्षांत आपोआप जाईल’ असं सांगितलं. नातेवाईक म्हणतात, सातवा महिना असताना ग्रहणाच्या रात्री सुनेनं सफरचंद कापलं, त्याचं हे फळ. आजींना मात्र खात्री आहे की दोष त्यांच्याच रक्तातून आला. सून बोलणी खातेय आणि त्या गप्प आहेत, कारण धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत. त्या विचारतात: गुपचूप स्वतःची जीन तपासणी करून घेऊ का? आणि सुनेला सांगू का?

ताई,

तुमचं पत्र सहा पानांचं आहे. त्यातली साडेपाच पानं ‘कुणामुळे झालं’ यावर आहेत आणि बाळाच्या पापणीवर जेमतेम चार ओळी. मी उलट्या क्रमानं उत्तर देते, कारण घाई त्या चार ओळींना आहे.

‘आपोआप जाईल’ हे डागाच्या बाबतीत बहुतेक वेळा खरं ठरतं. तान्ह्या बाळाची ही रक्तवाहिन्यांची गाठ जन्मानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत डोकं वर काढते, झपाट्यानं वाढते आणि वर्षाच्या सुमारास उतरणीला लागते. चौथ्या वर्षापर्यंत बरीचशी वितळलेली असते. हीच गाठ पाठीवर किंवा पोटरीवर असती, तर मीही तुम्हाला ‘वाट बघा’ म्हटलं असतं. पण ती वरच्या पापणीवर आहे. नजर काही जन्मतः तयार होऊन येत नाही. पहिल्या महिन्यांत आणि वर्षांत दोन्ही डोळ्यांकडून स्पष्ट चित्र येत राहिलं, तरच मेंदू पाहायला शिकतो. पापणी बाहुलीवर उतरली की त्या डोळ्याचं चित्र अडतं. पापणी पूर्ण उतरली नाही तरी गाठीच्या दाबानं बुबुळाचा गोल घुमट किंचित वाकडा होतो, नंबर येतो आणि चित्र धूसर पोचतं. मग मेंदू चांगल्या डोळ्यावर भिस्त ठेवतो आणि दुसऱ्याकडे काणाडोळा करतो. याला आपल्याकडे ‘आळशी डोळा’ म्हणतात. नाव जरा अन्यायाचंच, डोळा बिचारा आळशी नसतोच. बाळ तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्यानं त्याचं छान चाललेलं असतं. पाच वर्षांनी डाग गेलेला असेल, फोटो सुंदर येतील आणि शाळेच्या तपासणीत कळेल की एक डोळा कमी बघतो.

ही गाठ सर्वांत वेगानं वाढते ती पाचव्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान. तीन महिन्यांपर्यंत तिनं आपल्या अंतिम आकाराचा बहुतेक पल्ला गाठलेला असतो. तुमची नात नऊ आठवड्यांची आहे. म्हणजे ‘सव्वा महिना होऊन गेला, आता तीन महिन्यांनी नाशिकला आली की दाखवू’ हा तुमच्या घरचा बेत मोडायला हवा. याच आठवड्यात बालनेत्रतज्ज्ञांना दाखवा. मोठ्यांचे नव्हे, लहान मुलांच्या डोळ्यांचे डॉक्टर. पिंपळगावहून नाशिक तासाभराच्या आत येतं. तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर तपासतील, पापणीमागे गाठ किती खोल गेलीय ते बघतील. सोबत बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ हवेत, कारण औषध द्यायचं ठरलं तर ते डोळ्यात घालायचं नसतं, पोटातून द्यायचं असतं.

त्या औषधाबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर चिठ्ठी बघून घरात रडारड होईल. औषधाचं नाव प्रोप्रानोलॉल. हो, तेच, हृदयाचं आणि बीपीचं. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या डॉक्टरांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी हे औषध दिलं आणि त्याच्या नाकावरची अशीच गाठ मऊ पडून फिकट होत गेली. २००८ साली त्यांनी हे जगापुढे मांडलं. २०१५ मध्ये ४६० बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला. सहा महिने योग्य मात्रेत औषध घेतलेल्या शंभरातल्या ६० बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली, नुसतं गोड पाणी दिलेल्यांत शंभरातल्या चारांची. वैद्यकात असे अपघात फार थोडे.

मात्रा वजनावर ठरते, साधारण किलोमागे दिवसाला २ ते ३ मिलिग्रॅम, आणि सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच करायची असते. तुमच्या नातीसारख्या लवकर जन्मलेल्या, लहानखुऱ्या बाळाच्या बाबतीत तर नक्कीच. नाडी, रक्तदाब, साखर बघतात. घरी सांभाळायचं ते मुख्यतः एकच: औषध दूध पाजण्याच्या वेळीच द्यायचं. बाळ दूध घेत नसेल, उलट्या होत असतील किंवा छातीत घरघर असेल, तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा, कारण उपाशी पोटी या औषधानं साखर खाली जाऊ शकते. रात्रीच्या डोसाला झोपेत ‘आधी दिलं होतं का’ असा घोळ होतो म्हणून एक वही ठेवा. ते काम तुम्ही घ्या. गाठ अगदी छोटी आणि वरवरची असेल तर काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब नुसते त्वचेवर लावतात. पण तुमच्या वर्णनावरून इथे तेवढ्यानं भागेल असं मला वाटत नाही. मी गाठ पाहिलेली नाही, तेव्हा हा अंदाज समजा.

आता तुमच्या साडेपाच पानांकडे येते.

तुम्ही दोन कागद शेजारी ठेवलेत. एक तुमचा, १४ वर्षांपूर्वीचा. एक नातीचा. दोन्हींवर ‘हिमॅन्जिओमा’. आणि तुमच्या पायाखालची जमीन सरकली. ताई, निफाडचे पाटील आणि सांगलीचे पाटील एका पंगतीत बसले म्हणून भाऊबंद ठरतात का? या दोन गाठींचं तसंच आहे. जुन्या काळी डॉक्टर रक्तवाहिन्यांच्या जवळजवळ प्रत्येक लाल-निळ्या फुगवट्याला हेच आडनाव लावत. १९८२ साली बोस्टनच्या मलिकन आणि ग्लोवाकी या दोघांनी ही सरमिसळ सोडवली. ज्यात पेशी भराभर वाढतात ती खरी गाठ, आणि ज्यात रक्तवाहिन्यांची घडणच चुकलेली असते ती वेगळी, अशी त्यांनी विभागणी केली. पुढचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण त्याच पायावर उभं आहे. पण जुनं नाव कागदांवरून जाता जात नाही.

तुमची गाठ दुसऱ्या प्रकारातली. डोळ्यामागे संथ रक्ताच्या छोट्या छोट्या पिशव्यांचा पुंजका, भोवती आवरण. तो मध्यम वयात सापडतो, बायकांत जास्त, अगदी सावकाश वाढतो आणि आपोआप कधी वितळत नाही. नवीन वर्गीकरणात त्याला शिरांची सदोष रचना म्हणतात. नातीची गाठ खरी गाठ आहे. तिच्या पेशींवर ‘ग्लुट-१’ नावाचं एक प्रथिन असतं, तुमच्यासारख्या गाठींत ते नसतं. गंमत म्हणजे वारेच्या, म्हणजे प्लॅसेंटाच्या रक्तवाहिन्यांवरही हेच प्रथिन सापडतं. त्यामुळे या गाठीचं वारेशी काही नातं असावं, असं मानणारे संशोधक आहेत. एक गाठ येते आणि जाते, दुसरी येते आणि बसून राहते. एक तान्हेपणी, दुसरी पन्नाशीला. तुमच्या डोळ्यामागून नातीच्या पापणीपर्यंत रस्ता जात नाही.

‘पण डॉक्टर, सगळं जीनमध्येच असतं ना?’ असं तुम्ही लिहिलंय. इथे मला तुमचं एक गृहीतक हळूच उचलून बघायचंय. जनुकातला बदल म्हणजे आनुवंशिक दोष, असं आपण धरून चालतो. दोन्ही एकच नाहीत.

आपल्या येवल्याची पैठणी घ्या. नक्षीच्या मूळ आराखड्यातच चूक असेल, तर त्यावरून विणलेल्या प्रत्येक साडीत ती उतरेल. ती झाली आनुवंशिक चूक. पण आराखडा बिनचूक असताना विणकराच्या हातून एका साडीत, एका मोराच्या पिसाऱ्यात एक धागा चुकला, तर ती चूक त्या पिसाऱ्यापुरती. पुढच्या साडीत मोर ठीकच येणार. डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांच्या बहुतेक साध्या गाठींची जनुकीय कारणं या दुसऱ्या जातीची आहेत. गर्भ वाढताना किंवा नंतर कधीतरी एका पेशीत नक्कल करताना अक्षर चुकतं, त्या पेशीच्या लेकी-नातींत ते राहतं, बाकी शरीर कोरं. तुमच्यासारख्या गाठींत गेल्या काही वर्षांत ‘जीजेए-४’ या जनुकात असा एक बदल सापडला आहे, तोही गाठीतल्या पेशींपुरता. जन्मतः असणाऱ्या सपाट, जांभळट डागाचं उदाहरण तर फार स्वच्छ आहे. २०१३ साली कळलं की त्यामागे ‘जीएनएक्यू’ जनुकातलं एकच बदललेलं अक्षर असतं, डागातल्या पेशींत असलेलं, आईबापांकडून न आलेलं. (वाचकांपैकी कुणाच्या बाळाला कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असा सपाट, जांभळट डाग जन्मापासून असेल, तर तो जाण्याची वाट बघू नका. तो जात नाही. त्या डोळ्याचा दाब वेळोवेळी तपासावा लागतो आणि मेंदूच्या दृष्टीनंही डॉक्टरांचा सल्ला लागतो.)

आता नातीच्या गाठीचं. इथे एकच एक जनुक पकडून ‘हा चोर’ म्हणता आलेलं नाही. १९९९ मध्ये काही मोजक्या कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या दिसली आणि धागा पाचव्या गुणसूत्राच्या एका भागापर्यंत पोचला. २००८ मध्ये काही बाळांत रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या संदेशांशी संबंधित जनुकांत फरक आढळले. सख्ख्या भावंडांत शक्यता थोडी वाढलेली दिसते, तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण जुळ्यांचा पुरावा बोलका आहे. दोष रक्तातूनच येत असता, तर एकाच बीजाच्या जुळ्यांत दोघांनाही गाठ असण्याचं प्रमाण वेगळ्या बीजांच्या जुळ्यांपेक्षा खूप जास्त असतं. तसा ठळक फरक आढळला नाही.

मग तुमच्याच घरी का? शंभरातल्या चार-पाच बाळांना ही गाठ होते, इतकी ती सर्रास आहे. मुलींत मुलांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या, जुळ्या-तिळ्या बाळांत जास्त. वारेच्या तक्रारी असतील तिथे जास्त. तुमची नात मुलगी, ३५ आठवड्यांची, १९०० ग्रॅमची. कारण शोधायचंच असेल तर ते इथे आहे. मात्र हे वाचून कुणी ‘सुनेनं नीट खाल्लं नाही म्हणून वजन कमी’ असा नवा खटला सुरू करू नये. तसं झालं, तर हा लेख मी लिहिलाच नाही असं समजा.

ग्रहणाबद्दल मी कुणाची टर उडवणार नाही. २४ ऑक्टोबर १९९५चं सूर्यग्रहण ऐन दिवाळीत आलं, तेव्हा मला सातवा चालू होता आणि मी एम. डी. झालेली डॉक्टर होते. सासूबाईंनी खिडक्या लावून मला खोलीत बसवलं. मी बसले. वादापेक्षा मला झोप हवी होती. पण हिशेब करून बघा. ७ सप्टेंबर २०२५चं, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या रात्रीचं चंद्रग्रहण अख्ख्या भारतात दिसलं. त्या रात्री देशातल्या लाखो गरोदर बायकांपैकी कितीजणी उठून काही ना काही कापत-चिरत असतील! आणि ज्या बाळांच्या आयांनी गरोदरपणात ग्रहण कधी पाहिलंच नाही, त्यांच्यातही शंभरात चार-पाचच डाग निघतात. सुनेला भूक लागली, तिनं सफरचंद खाल्लं. चांगलंच केलं.

गुपचूप तपासणीचं उत्तर: करू नका. चूक गाठीपुरती असेल तर ती तुमच्या रक्तात दिसणारच नाही. तुमची गाठ तर १४ वर्षांपूर्वीच काढून टाकली. रक्त देऊन हाती येईल ती मोठी पावती आणि न कळणारे चार कागद. जनुकीय सल्ला खरोखर लागतो ती घरं वेगळी असतात. घरात दोघा-तिघांना अशा गाठी आहेत, किंवा कुणाच्या डोळ्याच्या आत, पडद्यावर रक्तवाहिन्यांची गाठ सापडलीय आणि जवळच्या नात्यात तरुणपणी मेंदूच्या किंवा मूत्रपिंडाच्या गाठी झाल्यात. त्यात ‘फॉन हिपेल-लिंडाऊ’ नावाचा आजार असू शकतो. तो तिसऱ्या गुणसूत्रावरच्या जनुकातून पुढच्या पिढीत जातो आणि तिथे तपासणीनं जीव वाचतात. बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल डाग ५ सेंटिमीटरहून मोठा, पट्ट्यासारखा पसरलेला असेल, तर औषध सुरू करण्याआधी हृदय आणि मेंदूच्या रक्तवाहिन्याही तपासाव्या लागतात. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

राहिला सांगायचा प्रश्न. तुम्हाला सुनेजवळ कबुली द्यायचीय, ‘माझ्यामुळे झालं’ म्हणायचंय. ताई, ती कबुली चुकीची आहे, कारण गुन्हाच घडलेला नाही. आणि तिचा उपयोगही होणार नाही. आज नातेवाइकांचं बोट सुनेकडे आहे, उद्या तुमच्याकडे वळेल. बाईवरचा आळ दुसऱ्या बाईवर, एवढाच काय तो फरक. पण गप्प राहणं हा पर्यायही मला पटत नाही. तुम्हाला आतून सून निर्दोष माहीत होती आणि तुम्ही बोलणी ऐकून घेतलीत. अवघडून गेला होतात, हे मला समजतं. तरी तेवढं देणं लागतंच.

मी तुमच्या जागी असते, तर मुलाला आणि सुनेला एकत्र बसवून सगळं सांगितलं असतं: माझ्या डोळ्यामागे गाठ होती, मोतीबिंदू नव्हता, मी घाबरले म्हणून लपवलं, बाळाच्या गाठीशी तिचा संबंध नाही, आणि तुझ्या सफरचंदाचाही नाही. फाईल बाळाच्या डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे हेच ती दोघं डॉक्टरांच्या तोंडून ऐकतील. घरच्यांच्या शब्दापेक्षा पांढऱ्या कोटाचा शब्द आपल्याकडे जास्त चालतो, तर चालू दे. नातेवाइकांना अख्खी कहाणी सांगायची गरज नाही. ‘डॉक्टर म्हणाले, ग्रहणाचा संबंध नाही,’ हे वाक्य तुम्ही सासू म्हणून चारचौघांत एकदा मोठ्यानं म्हणा. सुनेनं दहादा म्हटलं तरी त्याला वजन येणार नाही.

धाकटीच्या लग्नाचं म्हणाल, तर तुमची जुनी गाठ आनुवंशिक नाही, तेव्हा ती बायोडेटात लिहायची बाब नाही. कुणी थेट विचारलं तर मोतीबिंदूही म्हणू नका. साधी गाठ होती, काढली, संपलं. मुलीला मात्र आधी सांगा. तिला हे बाहेरून कळू नये. आणि नातीला बघायला पाहुणे आले की तिला आतल्या खोलीत नेऊन निजवतात, असं तुम्ही ओघात लिहिलंय. ते थांबवा.

पापणीवर काही लावू नका. चुना नाही, हळदीचा लेप नाही, दृष्ट लागेल म्हणून काजळही नाही. मालिशवाल्या बाईंना त्या जागी हात लावू देऊ नका. गाठ कधी खरचटून रक्त आलं, तर स्वच्छ कापड न काढता दहा मिनिटं हलकं दाबून धरा, पण डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. थांबलं नाही तर दवाखाना. दर रविवारी दिवसाच्या उजेडात, एकाच अंतरावरून फोटो काढा, तो डॉक्टरांना शब्दांपेक्षा जास्त सांगतो. ज्या घरांना खासगी तपासण्या परवडत नाहीत त्यांनी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करावी. २०१३ पासून चालू असलेल्या या योजनेत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आपल्या अंगणवाडीच्या ताईंनाही त्याची माहिती असते.

तपासणीच्या दिवशी दोन जास्तीची दुपटी आणि टोपरं न्या. थेंबांनी बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो आणि थेंब चुरचुरतात, बाळ रडणार. तेव्हा तुमचे हात आपोआप पुढे होतील. होऊ देऊ नका. तिला सुनेकडेच राहू दे. फाईल तुम्ही धरा.